अधिसूचित कान

"साहेब, शंभर मीटर कुठून मोजायचे?"

हा प्रश्न नववी 'ब'च्या सुवर्णा विधातेने विचारला, पण तो मुळात तिचा नव्हताच. तो प्रतिभा आणि मोहिनी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींचा होता. "विचारून दाखव," प्रतिभा म्हणाली होती, "खिडकीजवळचा शेवटचा बाक वर्षभर तुझा." त्या बाकावरून शाळेची भिंत, भिंतीपलीकडे भाजीबाजार आणि भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या उतरवणारे सुवर्णाचे वडील असं सगळं दिसायचं. शिवाय फळा दिसायचा नाही. अशा बाकासाठी माणूस काय वाट्टेल ते विचारील.

प्रसंग शांतता सप्ताहाचा होता. साल दोन हजार पाच. शहरात आवाज फार वाढला आहे असं शासनाच्या लक्षात आलं होतं, आणि ते लक्षात आणून द्यायला नागरी शांतता कक्षाचे कुलथे साहेब शाळेत आले होते. ध्वनिक्षेपक मधूनमधून शिट्टी मारत होता. साहेबांनी सांगितलं की शाळेपासून शंभर मीटरपर्यंतचा भाग हा शांतता क्षेत्र असतो. त्यांनी गोंगाटाची व्याख्याही दिली: ऐकणाऱ्याला नकोसा झालेला आवाज म्हणजे गोंगाट. सुवर्णाने ती लिहून घेतली. मग मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी "कुणाला काही शंका?" असं विचारलं. हे विचारायची आमच्याकडे पद्धत आहे. शंका काढायची पद्धत नाही.

तरी सुवर्णा उठली. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी स्वतःचं नावसुद्धा गणवेशाच्या कॉलरला सांगत असे. पण पंधरा ऑगस्टला ऐन भाषणात वीज गेली, माईक बंद पडला, आणि घाबरून तिने जो आवाज काढला तो मैदानभर गेला, भिंत ओलांडून बाजारात गेला, आणि तिचे वडील गोटीराम हातात जुडी धरून जागच्या जागी उभे राहिले. तेव्हापासून तिला कळलं होतं की आपल्याला आवाज आहे, आणि वक्तृत्वाचा एक कपही घरी आला होता. तिची नवसाआत्या म्हणायची, "मुलीच्या जातीला एवढा आवाज? उद्या सासरी काय करशील?" सुवर्णा म्हणायची, "बोलेन की, आत्या."

कुलथे साहेबांनी प्रश्न ऐकला आणि ते म्हणाले, "प्रश्न चांगला आहे." साहेब लोकांना उत्तर येत नसलं की प्रश्न चांगला असतो.

"म्हणजे फाटकापासून का भिंतीपासून, साहेब? का घंटेपासून?" सुवर्णाने मदत करायचा प्रयत्न केला.

"वर विचारून कळवतो," साहेब म्हणाले.

आणि आश्चर्य म्हणजे, त्यांनी खरंच विचारलं. वरून उत्तर आलं ते असं: शांतता ही ऐकणाऱ्याकरिता असते, सबब अंतर ऐकणाऱ्याच्या कानापासून मोजण्यात यावे. कोणाचा कान हे मूळ नियमात नमूद नसल्याने प्रश्नकर्त्याचा कान ग्राह्य धरण्यात यावा.

त्यामुळे एका मंगळवारी नववी 'ब'मध्ये भूगोलाच्या तासाला टेप, फक्कीची बादली आणि चार माणसं घेऊन कुलथे साहेब दाखल झाले. सुवर्णा तिच्या नव्या बाकावर बसली होती. खिडकी उजवीकडे होती, म्हणून उजवा कान निश्चित झाला. साहेबांनी टेपचं टोक स्वतःच्या हाताने तिच्या कानामागे धरलं.

"हलू नकोस. सरकारी काम आहे."

"गुदगुल्या होतायत, साहेब."

"त्याची तरतूद नाही."

टेप खिडकीतून बाहेर पडला, सायकलींवरून, भिंतीवरून, चहाच्या टपरीवरून गेला आणि बाजाराच्या ओट्यावर जाऊन संपला. जिथे संपला तिथे चौघांनी फक्कीची पांढरी रेघ मारली. रेघेच्या अलीकडे शांतता, पलीकडे आवाज. रेघ नेमकी पुंजाशेठ आडत्याच्या जागेवरून गेली. पुंजाशेठ हे शेतकऱ्यांचा माल लिलावात विकून देणारे जुने गृहस्थ. ते शांततेत गेले आणि त्यांचा पाण्याचा माठ आवाजात राहिला. गोटीराम विधात्यांची कोथिंबीर गेली कित्येक वर्षं पुंजाशेठच्याच पुढ्यात उतरत होती. तीही शांततेत गेली.

त्या संध्याकाळी सुवर्णा नाशिकच्या वेशीवरच्या मखमलाबादला, मळ्यातल्या घरी आली ती उडतच. "आई, आज माझा कान मोजला!"

आई, म्हणजे कलाबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "का गं? दुखतोय का?"

अण्णा, म्हणजे गोटीराम, दुपारीच रेघ बघून आले होते. ती कुठून निघालीय हे मात्र त्यांना आता कळलं.

आता बाजाराचीही एक बाजू समजून घेतली पाहिजे. जुन्या काळी व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. शेतकऱ्याला रुमाल दिसायचा, भाव दिसायचा नाही. ही लबाडी मोडायला कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याने सांगितलं की लिलाव उघड झाला पाहिजे, सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. म्हणजे पुंजाशेठच्या जागेवर एका कायद्याने ओरडणं सक्तीचं होतं आणि दुसऱ्या कायद्याने ओरडणं गुन्हा होता. पुंजाशेठ दिवसभर तोंड उघडून बसले, म्हणजे दोन्ही कायदे निम्मे निम्मे पाळले जातील. पण त्याने माल विकला जाईना.

शेवटी कुलथे साहेब आणि बाजाराचे सचिव यांची बैठक झाली. चहा झाला. तोडगा निघाला. बोटं चालतील, रुमाल चालणार नाही. बोटं उघड्यावर, हवेत, सगळ्यांना दिसतील अशी धरायची. एक बोट म्हणजे शंभर जुड्यांना शंभर रुपये. दोन्ही कायद्यांचा मान राहिला.

पहिले दोन दिवस लोकांना गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी सायखेड्याचे यादवतात्या आपली कोथिंबीर घेऊन आले. गोटीरामचे जुने स्नेही. बऱ्याच दिवसांनी भेट होत होती. गोटीराम ओट्यावर आपल्या ढिगामागे उभे होते, लिलाव सुरू होता, भाव पाच बोटांवर होता आणि सहावं बोट कुणीतरी उचलायच्या बेतात होतं. इतक्यात गोटीरामना समोर यादवतात्या दिसले आणि त्यांनी दोन्ही हात जोडून राम राम घातला.

दहा बोटं. पुंजाशेठने डोळे विस्फारले, तीनदा मान हलवली आणि सौदा पक्का केला. कोथिंबीर हजार रुपये शेकडा. घेणारा गोटीराम विधाते. विकणाराही गोटीराम विधाते.

गोटीराम बोलू शकत नव्हते. त्यांनी 'नाही, नाही' म्हणून दोन्ही हात हवेत हलवले. तोवर पुंजाशेठ पुढच्या ढिगावर गेले होते. तो ढीग यादवतात्यांचा होता. तोही हजाराने गोटीरामना सुटला.

रेघ ओलांडून, आवाजाच्या हद्दीत आल्यावर यादवतात्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "गोटीराम, लय उपकार झाले भाऊ. असा भाव जन्मात मिळाला नाय मला."

"तात्या, मी राम राम घातला!"

"ते तर हायेच. पण एवढा मोठा राम राम मला आजवर कोणी घातला नाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: नाशकात कोथिंबिरीला हंगामातला विक्रमी भाव, शांतता क्षेत्राचा शेतकऱ्यांना लाभ. ती वाचून दिंडोरीपासून देवळ्यापर्यंतची कोथिंबीर नाशकाकडे धावत सुटली. आणि गोटीराम स्वतःची कोथिंबीर स्वतःच्याच टेम्पोत भरून, आडत आणि हमाली भरून, वर सायखेड्याची कोथिंबीर घेऊन घरी आले.

कलाबाई दारात उभी राहून टेम्पोकडे बघत राहिली. "विकायला नेली होती का आणायला गेले होते?"

"राम राम घातला," गोटीराम म्हणाले.

"कोणाला?"

"तात्याला."

"मग आता तात्यालाच जेवायला बोलवा. माझ्याच्यानं नाय एवढं संपायचं."

घरात कोथिंबिरीच्या वड्या झाल्या. चटणी झाली, थालीपीठ झालं, आमटी हिरवी झाली. म्हशीने चार दिवस खाल्ली आणि पाचव्या दिवशी तोंड फिरवलं. बाजारात मात्र शिस्त आली. राम राम बंद झाला. माशी बसली तरी कुणी हात उचलेना. डोकं खाजवायचं असेल तर माणूस रेघेपलीकडे जाऊन, खाजवून परत येई. माणसं हात बगलेत घालून उभी राहू लागली. कुलथे साहेबांनी आपल्या अहवालात लिहिलं की, शांतता क्षेत्रातील नागरिक आता हात बांधून उभे राहतात, ही नागरी जाणिवेची सुरुवात होय.

अण्णांवर काय बेतलंय हे सुवर्णाला खिडकीतून दिसत होतं. बाकाची किंमत तिला आता कळली. त्याच आठवड्यात ती वर्गशिक्षिकेकडे गेली. "बाई, मी पुढच्या बाकावर बसते. तिथून रेघ मागे सरकेल. पुंजाशेठ आवाजात जातील."

बाईंनी तिला वत्सलाबाईंकडे पाठवलं, वत्सलाबाईंनी कुलथे साहेबांना बोलावलं. साहेबांनी तिला समजावून सांगितलं. ते मनाने वाईट नव्हते. फक्त नोकरीत होते.

"बाळ, तो कान आता तुझा राहिलेला नाही."

"मग कुणाचा, साहेब?"

"अधिसूचित आहे. शाळेच्या वेळेत तो बाकावरून हलवता येत नाही. गैरहजर राहता येत नाही. सर्दी झाली तर आधी कळवायचं."

"आणि बाक?"

"बाक कानाला जोडलेला आहे."

"पण साहेब, असं कसं..." सुवर्णाचा आवाज चढला. पंधरा ऑगस्टला चढला होता तसाच.

साहेबांनी बोट वर केलं. "थांब. तुझं तोंड तुझ्या कानापासून किती अंतरावर आहे?"

सुवर्णाने हात लावून पाहिलं. "चार बोटं असेल."

"म्हणजे शंभर मीटरच्या आत?"

"हो."

"मग?"

शहरातल्या सर्वात मोठ्या शांतता क्षेत्राच्या ऐन गाभ्यात एक तोंड होतं आणि ते सुवर्णाचं होतं. तिचं बोलणं बंद झालं. तालुका वक्तृत्व स्पर्धेतून तिचं नाव कमी झालं. विषय होता 'माझा आवाज'. तिच्या आसपास शंभर मीटरमध्ये शाळाही येत होती, म्हणून शाळेचंही बंद झालं. घंटेऐवजी गच्चीवरून हिरवं फडकं हलू लागलं. हजेरीला मुली हात वर करू लागल्या. गाण्याच्या बाई नुसते ओठ हलवून गाऊ लागल्या आणि मुली नुसते ओठ हलवून त्यांच्या मागे म्हणू लागल्या. बाईंचा सूर गेली वीस वर्षं लागत नव्हता, तो आता कुणाच्या लक्षात येईना.

पालकसभेत एकाही पालकाने तक्रार केली नाही. उलट एक गृहस्थ उठून म्हणाले, "आमची मुलगी हल्ली घरातही बोलत नाही. शाळेचे फार आभार." टाळ्या वाजल्या असत्या, पण नियमात बसत नव्हत्या. मुलींची सर्वात शांत शाळा म्हणून शाळेचं नाव वर गेलं. आणि नवसाआत्या गल्लीभर सांगत सुटली, "आम्ही सांगून सांगून थकलो. शेवटी सरकारनेच गप्प केली हो पोरीला."

शाळा सुटली की काय, हा प्रश्न उरला होता. तो सुवर्णाने कुजबुजत विचारला. कुलथे साहेब म्हणाले, "शाळेनंतर कान जाईल तिथे क्षेत्र जाईल. सोपं आहे."

सोपं होतंच, आणि ते लोकांनाही लवकर कळलं. पहिल्यांदा शेजारच्या मळ्यातल्या साळूबाई आल्या. त्यांच्या घरासमोरच्या मंगल कार्यालयात बँड वाजत होता. "जरा येऊन बस गं अंगणात. चहा करते." सुवर्णा जाऊन बसली. कुलथे साहेबांचा माणूस आला, त्याने टेप लावला आणि बँड बंद झाला. नवरदेव मुकाट्याने घोड्यावरून उतरला. साळूबाईंना झोप लागली.

मग रीघ लागली. गंगापूर रोडच्या एका सोसायटीने तिला रविवारचा नाश्ता दिला, कारण खालच्या झोपडीत कुणीतरी भजन करत होतं. एका मंडळाने दुसऱ्या मंडळाच्या स्पीकरसमोर तिला खुर्ची टाकून दिली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मंडळाने पहिल्याच्या समोर टाकली, आणि खुर्ची जास्त चांगली होती. एका क्लासवाल्या सरांनी तिला शेजारच्या क्लासवाल्या सरांच्या दारात उभं केलं. शहरात असा एकही सभ्य माणूस राहिला नाही ज्याला सुवर्णाचा कान नको होता. फक्त तो दुसऱ्याच्या दारात हवा होता. ज्यांच्या स्वतःच्या घरी कार्य निघायचं ते आदल्या दिवशी कलाबाईंना हळूच म्हणायचे, "सुवर्णाला दोन दिवस मामाकडे पाठवता का? पोरगी थकल्यासारखी दिसतेय."

याच काळात एका स्थानिक पुढाऱ्यांचा वाढदिवस आला. त्या दिवशी सकाळी विधात्यांच्या दारात सरकारी जीप उभी राहिली. आत कुलथे साहेब होते.

"चल, तुला द्राक्षबागा दाखवतो."

"आज शाळा आहे ना, साहेब?" सुवर्णा कुजबुजली. "कान हलवता येत नाही ना?"

"खास बाब म्हणून येतो."

जीप दिंडोरी रोडला लागली. मागून, शहरातून, ढोल आणि स्पीकरच्या भिंती वाजत होत्या. त्या इतक्या वाजत होत्या की जीपच्या काचा थरथरत होत्या आणि साहेबांच्या खिशातलं पेन थरथरत होतं.

"साहेब, ती मिरवणूक?"

"तिला परवानगी आहे."

"परवानगी असली की आवाज कमी येतो का?"

साहेबांनी खिशातलं पेन हाताने दाबून धरलं आणि ते म्हणाले, "परवानगीचा आवाज मोजायचा नसतो." मग त्यांनी तिला शेंगदाण्याची चिक्की दिली. द्राक्षबागेत छाटणी चालू होती. तिथल्या कात्र्यांचा कचकच आवाज मात्र त्यांनी थांबवला.

त्या दिवशी कान शहराबाहेर होता म्हणून भाजीबाजारात एक वेगळीच गोष्ट घडली. रेघ कुणी पाळली नाही. पुंजाशेठ उभे राहिले आणि कित्येक दिवसांनी त्यांनी पोटातून आरोळी दिली. व्यापारी भांडले, हसले, एकमेकांच्या आईबापांची विचारपूस झाली, राम राम झाले. गोटीरामची कोथिंबीर नीट भावाने गेली. ते घरी आले ते शीळ घालत.

या शिळेतूनच पुढचं सगळं झालं. कारण ही गोष्ट बाजाराच्याही लक्षात आली: कान नसला की बाजार असतो. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी कान घरी; म्हणून सगळा जिल्हा शनिवारी माल आणू लागला आणि शनिवारचा भाव पार बसला. बाकीचे दिवस बोटं. असं किती दिवस चालणार? एका बुधवारी दिवेलागणीला पुंजाशेठ आणि यादवतात्या विधात्यांच्या ओसरीवर येऊन बसले. सवयीने दोघांनीही हात बगलेत घातले होते.

"गोटीराम," पुंजाशेठ म्हणाले, "तुझा दोष नाही. पोरीचाही नाही. पण शाळेत जोवर तो कान आहे तोवर आपल्या धंद्याची माती आहे."

"मग काय करू म्हणता?"

"शाळा बंद कर तिची. नववीपर्यंत झाली, पुष्कळ झाली."

यादवतात्या पुढे सरकले. "सटाण्याकडं एक स्थळ हाय माझ्या बघण्यात. लोक चांगले हायेत. कान कायमचा तिकडं जाईल."

"पंधरा वर्षांची हाय तात्या ती."

"आत्ताच कर असं कोण म्हणतंय? बोलून ठेवू. तवर तिच्या मावशीकडं ठेव. शाळेत नसली म्हणजे झालं."

"तात्या, तिचा वक्तृत्वाचा कप तुम्हीच डोक्यावर घेऊन नाचला होता."

"तवा तिचं तोंड होतं रे. आता कान हाय." यादवतात्या खाली बघत म्हणाले. "मला काय बरं वाटतंय का?"

मळ्यात कोथिंबीर पुरी तयार होती. उद्या काढली नाही तर परवा फुलोऱ्यावर येणार आणि मग ती म्हशीलाही चालणार नव्हती. उद्या गुरुवार. उद्या शाळा. उद्या बोटं.

"सकाळी सांगतो," गोटीराम म्हणाले.

पाहुणे उठले. उंबऱ्यात यादवतात्यांनी राम राम घालायला हात उचलले आणि दचकून पुन्हा बगलेत घातले.

दाराआड सुवर्णा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, तेही अधिसूचित कानाने.

जेवायला बसले तेव्हा ताटात कोथिंबिरीची वडी होती. कुणीच बोलत नव्हतं. म्हणजे घरात तसंही कुणी बोलत नसे. शांतता क्षेत्र पाटावर बसून जेवत असे. कलाबाईने वाढता वाढता डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "कांदा लय तिखट हाय." ताटात कांदा नव्हता.

"अण्णा," सुवर्णा म्हणाली. कुजबुजली नाही, म्हणाली. गोटीरामांचा घास थांबला.

"हळू बोल गं," कलाबाई घाबरून खिडकीकडे बघत म्हणाली. "कोणी ऐकंल."

"तेच तर विचारायचंय, आई. कोणी ऐकंल? क्षेत्र कुणाच्या कानापासून आहे?"

"तुझ्या."

"ऐकणारी कोण?"

"तू."

"साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी लिहून घेतलंय. ऐकणाऱ्याला नकोसा झालेला आवाज म्हणजे गोंगाट. मग इतके दिवस हे सगळे टेप घेऊन फिरले, रेघ मारली, जीप आणली, स्थळ आणलं. पण मला कुणी विचारलं का, की बाई, तुला पुंजाशेठचा आवाज नकोसा झालाय का? अण्णा, मला तो लहानपणापासून आवडतो. त्या आवाजावर तर मी खिडकीत बसून अंदाज बांधायचे, आज घरी जिलबी येणार का नाही ते."

गोटीरामनी पहिल्यांदाच बगलेतला डावा हात काढला. "साहेब मानतील का?"

"मानावंच लागेल. कान अधिसूचित आहे, त्याचं म्हणणं सरकारी आहे."

"आणि लोक?" कलाबाई म्हणाली. "मुलीच्या जातीने एवढं..."

शेजारच्या साळूबाईंच्या घरातला दिवा लागला. नवसाआत्याचं दार किलकिलं झालं. आजूबाजूच्या साऱ्या खिडक्यांत माणसं उभी राहिली; हा काय तमाशा म्हणून तुम्हीही राहिला असाल. सुवर्णा पाटावरून उठली, आणि पंधरा ऑगस्टला वीज गेल्यावर निघाला होता तो आवाज पुन्हा निघाला.

"अण्णा, आई, माझं ठरलंय! शाळा मी सोडणार नाही. सटाण्यालाही जाणार नाही. पहाटे आपण तिघं मिळून कोथिंबीर काढू. शाळेआधी मी साहेबांकडे जाऊन सांगणार, की कानाला बाजाराचा त्रास नाही आणि स्वतःच्या तोंडाचा तर मुळीच नाही. आणि उद्या चारच्या सुट्टीत माझ्याच खिडकीतून, माझ्याच बाकावर उभी राहून, पुंजाशेठच्या लिलावाची पहिली बोली मी पुकारणार. ज्यांना तो आवाज नको असेल त्यांनी खुशाल आपापला कान घेऊन साहेबांकडे जावं आणि अधिसूचित करून घ्यावा. फक्त निघण्याआधी, त्या कानापासून आपलं तोंड किती बोटांवर आहे, तेवढं प्रत्येकाने घरीच मोजून घ्यावं!"